ओ

मी रात्री पाव भाजतो आणि दिवसा झोपतो.
म्हणजे झोपायचो,
खालच्या मजल्यावरचा नेलिदाबाईंचा पोपट
घसा फाडून ओरडायला लागेपर्यंत.

त्याचं नाव कार्बोन, म्हणजे कोळसा.
हिरव्यागार पक्ष्याला कोळसा का म्हणायचं,
हे मी कधी विचारलं नाही.
मला फक्त तो गप्प हवा होता.

ओरडणं कसलं, पत्र्यावर ओढलेला खिळा,
आणि पत्रा आपल्या दातांत धरलेला.
अकराला. सव्वाअकराला.
मग मी उशीखाली डोकं खुपसलं की मुद्दाम.

इमारतीच्या बैठकीत जो तो शहाणा.
उपाशी ठेवत असतील, म्हणाली तळमजल्यावरची शिंपीण.
जोडीदार हवाय त्याला, म्हणाला ओसिरिस,
ज्याचा स्वतःचा दोनदा घटस्फोट झालाय.
सैतान आहे, म्हणालो मी
आणि अर्जावर पहिली सही ठोकली:
वाशिंग्टन बेंतांकोर, तिसरा मजला, मागची बाजू.

अर्ज घेऊन खाली गेलो, तो जुलै महिना.
माँटेव्हिडिओत नदीवरून असा वारा येतो जुलैत
की माणसं दारातसुद्धा थांबत नाहीत.
मी थांबलो. तीनदा घंटा वाजवली.
मग दार ढकललं, तर ते उघडंच.

बाई ओट्यापाशी, पाठमोऱ्या, माते भिजवत होत्या.
पिंजरा सताड उघडा.
पोपट खुर्चीच्या पाठीवर.

आणि मी ते ऐकलं
जे माझ्या फरशीतून कधी वर आलंच नव्हतं:
एक बारीकसा आवाज.
शेजारच्या खोलीतून कुणी "आहेस ना गं?" विचारावं
एवढाच.
बाई वळल्या नाहीत.
त्याने परत विचारलं, जरा मोठ्यानं.
बाईंनी किटली खाली ठेवली.
तिसऱ्यांदा त्याने मान लांबवली.
चौथ्यांदा पंख उघडले.
पाचव्यांदा पत्रा, खिळा, दात.

"काय रे राजा?" बाई वळून म्हणाल्या.
मग मी दिसलो. "अरे, तू कधी आलास?"

एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या बाई.
पायसांदूचा माणूस साल्तोच्या माणसाला जोडून द्यायचा,
मध्ये फक्त "बोला, ऐकतेय."
आता कानाचं यंत्र चमच्यांच्या खणात पडून होतं.
त्यातून म्हणे फक्त भांडीच ऐकू येतात.

संध्याकाळी निलगिरीवर रानातले पोपट उतरतात ना,
त्या सांगत होत्या, ते भांडत नसतात.
आहेस? आहे. आहेस? आहे.
तेवढंच चालतं अंधार पडेपर्यंत.
हा मात्र अलीकडे थेट किंचाळतो बघ,
कुणास ठाऊक का.

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.
अर्ज खिशात घडी होऊन राहिला,
पुढे त्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचे बिस्किटांचे हिशेब लिहिले.

न्हाणीघरातल्या जुन्या नळाला कान लावला
तर ती पहिली, बारीक हाक वर येते.
ओरडण्याच्या चार पायऱ्या खाली असते ती.
मी चमच्याने नळावर टक् करतो.
खाली शांतता. मग पुन्हा बारीक.
पुन्हा टक्.
माणसाने झोपायच्या आधी दात घासावेत
तसं हे. बाईंना काही माहीत नाही.

ऑगस्टमध्ये त्या बहिणीकडे साल्तोला गेल्या,
पोपट टोपलीत घालून.
मी घरी आलो, कोटावर पीठ, डोळे चिकटलेले.
नळावर टक् केलं.
काहीच नाही.
पुन्हा केलं. मग जरा जोरात.
मग चमचा टाकून पातेल्याचा दांडा घेतला,
कितव्यांदा ते मोजलं नाही.

"कोण तो सैतान?" तळमजल्यावरून शिंपीण ओरडली.
मी थांबलो.
थोड्या वेळाने तिने खालून नळावर काहीतरी आपटलं,
कात्री असावी,
रागानेच असावं.
एकदाच.

त्यावर मला झोप लागली.